मुदत सरलेली औषधे आणि दादांचा रोल

गेल्या कार्तिकात आमच्या घरी एक प्रयोग झाला. स्थळ न्हाणीघर, साहित्य एक घंगाळ, एक तापमापक, एक कात्री आणि मुदत संपून तीन वर्षे झालेल्या औषधांच्या काही बाटल्या. आम्ही जन्मभर शाळेत संस्कृत व मराठी शिकविले. तेव्हा रसायनाच्या विषयावर अधिकारवाणीने लिहिण्याचा आमचा हक्क बेताचाच आहे. तथापि या प्रयोगात घरातील एका न भरून येणाऱ्या वस्तूचा प्रश्न होता, आणि तशी वस्तू पुष्कळ घरांतून कपाटाच्या तळाशी पडलेली असते असे आम्हांस वाटते. म्हणून जे घडले ते, आमच्या चुकीसह, वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या थोरल्या बंधूंस घरात सर्वजण दादा म्हणत. त्यांस छायाचित्रणाचा नाद होता, आणि त्यातही कागदावरील चित्रांपेक्षा स्लाईडची आवड अधिक. दिवाळीच्या सुटीत सारी मंडळी खेडास जमली म्हणजे रात्रीची जेवणे उरकल्यावर माजघराच्या भिंतीवर धुवट धोतर ताणून ते प्रोजेक्टर लावीत. रसाळगडाचा तट, जगबुडीचा पूर, माहेरपणाला आलेल्या मुलींची मंगळागौर, असे एकेक चित्र धोतरावर उमटे. वाऱ्याने धोतर हलले की गड हाले, आणि मुले हसत. २००३ सालच्या कार्तिकात तुळशीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी असाच एक रोल काढला. तो धुवून येण्यापूर्वीच, मार्गशीर्षात, ते गेले. वहिनींनी रोल डबीसकट स्टीलच्या डब्यात ठेवला, दमट हवा लागू नये म्हणून तळाशी तांदूळ घातले, आणि दादांच्या अक्षरातली चिठ्ठी वर तशीच राहू दिली : ‘अंगण. आई. तुळस.’ पुढे दोन वर्षांनी आईही गेली. जुलै २०२१ मध्ये जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले, त्या दिवशी घरातील ज्या मोजक्या चीजा आधी माळ्यावर चढल्या त्यांत हा डबा होता.

दादांची नात पुण्यास शिकते. आजोबांचा नाद तिच्यात उतरला आहे. स्लाईड धुण्याच्या औषधांचा एक संच तिच्या मित्रमंडळींपैकी कोणी घेऊन तसाच ठेवला होता. तो तिने सुटीत बरोबर आणला. ही औषधे परदेशाहून येतात, सहजासहजी मिळत नाहीत, आणि स्लाईड धुणारी दुकाने आता फार थोडी राहिली आहेत. खेडास तर ती कधीच नव्हती. दादा आपले रोल मुंबईस पाठवीत. संचावरील तारीख वाचून आम्ही म्हणालो, “मुदत सरलेले औषध आपण माणसाला देत नाही, मग या रोलाला कसे द्यावे? नवा संच मागव.” यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचंय. नवा संच येईल तेव्हा येईल. आहे त्यात होतंय का ते आधी पाहा तरी.” त्यांच्या बोलण्यातील ‘आधी पाहा’ हे दोन शब्द आम्हांस पटले.

येथे स्लाईड म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नेहमीच्या रोलावर प्रथम उलटे चित्र येते व त्यावरून कागदावर सुलटे छापतात. स्लाईडच्या फिल्मवर तीच फिल्म सुलटे चित्र होते. दुसरी प्रत नसते. फिल्मवर निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला जागणारे तीन थर असतात आणि प्रत्येकात चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. पहिला डेव्हलपर प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी करतो. उरलेले कण रंगाच्या डेव्हलपरमध्ये जागे केले जातात, आणि त्यांच्याभोवती पिवळा, किरमिजी व मोरपिशी असे रंग तयार होतात. शेवटी ब्लीच व फिक्सर मिळून सर्व चांदी काढून टाकतात आणि केवळ रंग राहतो. शाळामास्तरच्या भाषेत सांगावयाचे तर पहिले औषध हजेरी घेते, आणि रंग चढतो तो गैरहजरांच्या नावावर.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हजेरी नीट घेतली गेली नाही, म्हणजे पहिला डेव्हलपर कमजोर निघाला, तर गैरहजर वाजवीपेक्षा फार ठरतात, रंग फार चढतो आणि चित्र काळवंडते. ब्लीच किंवा फिक्सर कमी पडला तर तो पुन्हा देता येतो. पहिल्या डेव्हलपरची चूक मात्र मागाहून सुधारत नाही. त्याची वेळ ६ मिनिटे आणि उष्णता ३८ अंश. त्यात अर्ध्या अंशाचाही फरक चित्रात दिसतो. ३८ अंश म्हणजे तापाच्या नळीवरील १००.४, ज्याला घरात आपण ‘कणकण’ म्हणतो तेवढाच ताप. ही सोय मोठी आहे. कारण नातीने आणलेला नवा तापमापक खरे बोलतो की नाही हे आम्ही घरातल्या तापाच्या नळीशी ताडून पाहिले. पाऱ्याची नळी मात्र चढली की आपण होऊन उतरत नाही, झटकावी लागते. म्हणून ती केवळ साक्षीला ठेवावी, कामाला नव्हे.

हे काम घरात करणे म्हणजे पोरखेळ असे कोणास वाटेल, तर त्यांनी दादासाहेब फाळक्यांचे स्मरण करावे. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते मुंबईस परतले तेव्हा चित्रपटाचा कारखाना म्हणजे त्यांचे दादरचे घरच होते. सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोके पाडीत, औषधांच्या कामी हात लावीत आणि दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाकही पाहत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तो अशा संसारातून. मात्र ते काम काळ्यापांढऱ्याचे होते. रंगाचे प्रकरण अधिक नाजूक. १९३३ साली प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’ रंगीत केला, त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत करून आणल्या, तरी रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३५ मध्ये निघालेल्या कोडाक्रोम फिल्मचे रंग फार टिकाऊ. पण रंग तयार करणारे द्रव्य त्या फिल्ममध्ये नसून धुण्याच्या औषधांत असे, म्हणून ती घरी धुणे जवळजवळ अशक्यच होते. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी यांनी वापरला व त्यातील काही चित्रे मुंबईस सिनेनटांची काढली. २०१० च्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेने ते काम बंद केले. तेव्हापासून कोडाक्रोमचा न धुतलेला रोल रंगांपुरता मुका झाला. आमच्या सुदैवाने दादांच्या रोलावर ‘एक्टाक्रोम’ आणि खाली ‘ई-६’ असे छापलेले होते. रंगाचे द्रव्य या फिल्मच्या अंगातच असते, आणि हिची औषधे अजून निघतात. म्हणून पहिला उपदेश हा की, औषधाची तारीख वाचण्यापूर्वी रोलाचे अंग वाचावे.

आता मुदतीविषयी. बाटलीवरील तारीख ही करणाऱ्याने दिलेली हमी असते. त्या तिथीस बारा वाजता औषध मरते असे नव्हे, आणि त्याआधी ते खात्रीने जिवंत असते असेही नव्हे. डेव्हलपरचा शत्रू वारा. त्यातील सल्फाईट हा क्षार वाऱ्याशी झुंजतो तोवर औषध टिकते. तो संपला की द्रव चहासारखा तपकिरी होत जातो. म्हणून बाटली काठोकाठ भरलेली असावी. अर्धी राहिल्यास काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी, ही नातीची युक्ती आम्हांस फार आवडली. ब्लीचची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. वापरून थकलेल्या ब्लीचमध्ये हवा खेळविली की त्यातील लोह पुन्हा कामाचे होते. एकाच वाऱ्याने एक मरते व दुसरे उठते! फिक्सरमध्ये पांढरट-पिवळा गाळ दिसला तर ते गंधक होय. असा फिक्सर फेकावा. तात्पर्य, सर्व बाटल्यांस एकच न्याय लावता येत नाही. जुन्यानव्याचा हा तंटा कालिदासासही ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत पडला होता, आणि त्याने त्याचा निकाल तारखेवर न ठेवता परीक्षेवर ठेवला, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल.

परीक्षेची सोय दादाच करून गेले होते. त्यांच्या कपाटात त्याच जातीचा व त्याच सालचा एक कोरा रोल निघाला. नातीने तो दादांच्या कॅमेऱ्यात घालून त्याच अंगणाची, त्याच वृंदावनाची चित्रे काढली. औषधे कालविल्यावर द्रावण एक लिटर झाले. आमच्या स्टीलच्या डब्यात एका वेळी २५० मिलीलिटर लागते. म्हणजे एकंदर प्रयत्न चार. दोन परीक्षेला, दोन दादांच्या रोलाला, असा हिशेब ठरला. कालविलेले औषध फार दिवस राहत नाही, म्हणून शनिवारी सकाळी आरंभ करून रविवारी दुपारच्या आत काम संपवावयाचे होते.

प्रथम फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच पहिल्या डेव्हलपरमध्ये टाकला. तो थोड्या वेळात काळा झाला. नातीला आनंद झाला. पण या परीक्षेने नाडी लागते एवढेच कळते, अंगातील ताकद कळत नाही. खरी परीक्षा पुढे झाली. घंगाळात कोमट पाणी, त्यात बाटल्या उभ्या, बंबातील कढत पाण्याची तपेली बाजूला. नात डबा हलवीत होती, आम्ही घड्याळ व तापमापक पाहत होतो. फिल्मला मध्येच उजेड दाखवावा लागतो, त्याचे काम हल्ली एक द्रावण करते. ते आम्हांस संशयास्पद वाटल्यामुळे जुन्या रीतीने ओली फिल्म दिव्यापुढे दोन्ही बाजूंनी धरली. (पाण्याचा थेंब तापल्या दिव्यावर पडू देऊ नये.) अर्धा रोल ठरल्याप्रमाणे ६ मिनिटे ठेवला, तो इतका काळोखा निघाला की भर दुपारचे अंगण अमावास्येचे दिसू लागले. डेव्हलपर थकला होता, यात शंका राहिली नाही. दुसरा अर्धा ८ मिनिटे ठेवला. तो उजळला, परंतु सावल्यांतील काळा रंग विटून जांभळट झाला. हा दोष फिल्मच्या वयाचा. जुन्या फिल्मवर न मागता थोडे धुके बसते, आणि वेळ वाढवावी तसे ते अधिक दिसते. म्हणजे औषधाचे म्हातारपण चित्र काळे करीत होते व फिल्मचे म्हातारपण त्याला विटवीत होते. दोघांच्या मधून वाट काढावयाची. साडेसात मिनिटे ठरली.

येथे नातीचा व आमचा मतभेद झाला. तिचे म्हणणे, “भाऊआजोबा, परीक्षा झाली, वेळ कळली, आता अख्खा रोल एकदम धुऊ या.” आमचे म्हणणे, परीक्षेच्या फिल्मवर चित्र परवा पडले, दादांच्या फिल्मवर ते वीस वर्षांहून अधिक काळ झोपले आहे, दोघांची स्थिती एक धरता येणार नाही. रोल मधोमध कापावा, अर्धा आधी धुवावा व तो पाहून दुसऱ्याची वेळ ठरवावी. ती म्हणाली, कात्री कोणत्या चित्रावरून जाईल हे अंधारात कसे कळणार? हा मुद्दा खरा होता. तरी आम्ही आमचाच हेका चालविला. काळ्या पिशवीत हात घालून, पट्टीवर पाडलेली खाच चाचपून, अंदाजाने मध्य धरला आणि कापले. ते कापणे आमच्या हातचे होते, हे मुद्दाम नमूद करतो.

पहिला अर्धा साडेसात मिनिटांनी धुतला. चित्रे आली! ती आली हे पाहून नातीने न्हाणीघरातूनच वहिनींस हाक मारली. पण ती परीक्षेतील चित्रांपेक्षा काळपट होती. आमची शंका खरी ठरली. दुसऱ्या अर्ध्यास आम्ही सव्वाआठ मिनिटे दिली, आणि ती सतरा-अठरा चित्रे, जांभळट झाक सोडली तर, स्पष्ट निघाली. रोल अख्खा धुतला असता तर ती सर्वही पहिल्यांसारखीच काळवंडली असती. सावधपणाचा एवढा लाभ झाला.

आता हानी. कात्री नेमकी एका चित्राच्या मधून गेली होती, आणि ते चित्र आईचे होते. वृंदावनापुढे आई निरांजन घेऊन उभी आहे; चेहरा पहिल्या तुकड्यात राहिला व हातातील निरांजन दुसऱ्यात. दोन्ही तुकडे वेगळ्या वेळेने धुतलेले. त्यामुळे आई अंधारात व दिवा उजेडात, असे ते चित्र झाले आहे. वेळेच्या फरकाने काय होते ते दाखविणारा याहून चांगला नमुना कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. परंतु तो नमुना आईच्या चित्रावर व्हावा, याने आमच्या तोंडून बराच वेळ शब्द निघेना. नातीनेही आम्हांस काही म्हटले नाही. तिने म्हटले असते तर बरे वाटले असते.

संध्याकाळी फिल्म वाळल्यावर वहिनींनी दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात एकमेकांस लावून पाहिले. “जुळतात की,” एवढेच त्या बोलल्या, आणि पुढे पाहू लागल्या. शेवटच्या काही चित्रांतील एकापाशी त्या थांबल्या. उतरत्या उन्हाची वेळ, सारवलेले अंगण, तुळशीभोवती पोरे. आणि चित्राच्या खालच्या कडेपासून निघालेली एक लांब सावली, दोन्ही कोपरे वर झालेली. आम्ही ते चित्र आधी दोनदा पाहिले होते, पण सावलीकडे आमचे लक्ष गेले नव्हते. वहिनी म्हणाल्या, “कॅमेरा धरताना ते कोपर असंच वर काढायचे.” दादांचे असे चित्र त्या रोलावर दुसरे नाही, कारण कॅमेरा त्यांच्याच हाती होता.

ज्यांच्या घरी असा रोल असेल त्यांस अनुभवाने चार गोष्टी सांगतो. घाई नसेल तर न भरून येणाऱ्या रोलासाठी ताजी औषधेच मिळवावीत. फिल्मचा व्यवहार अजून अगदीच संपलेला नाही. बंद पडलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ साली पुन्हा बाजारात आली आहे, तेव्हा औषधेही प्रयत्नाने मिळतील. जुनी औषधे वापरणे भागच पडले तर त्यांची परीक्षा आधी दुसऱ्या रोलावर करावी, आणि औषध एकाच प्रयत्नापुरते कधीही कालवू नये. रोल कापावा की नाही, याचा निर्णय घरातील सर्वांस विचारून करावा. आम्ही विचारले नाही, आणि ते आम्हांस अजून बोचते.

हातमोजे घातल्याविना या औषधांस शिवू नये, रंगाच्या डेव्हलपरने कातडीस पुरळ उठते. खिडकी उघडी असावी, आणि स्वयंपाकाचे एकही भांडे या कामी घेऊ नये. आमचे घंगाळ केवळ पाण्याचे होते, तरी ते आता स्नानाच्या कामातून निवृत्त झाले आहे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा नदीत ओतू नये. आमच्या तालुक्यात लोट्यास रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि तेथील सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासे मरतात अशी कोळ्यांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. दुसऱ्याच्या ज्या कृतीस आपण नावे ठेवतो ती लहान प्रमाणातही आपल्या हातून होऊ नये. नातीने सर्व द्रव बाटल्यांत भरून पुण्यास, असे काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे नेऊन दिले. शेवटच्या धुण्याचे द्रावण कोकणात तरी वगळू नये. ते फिल्मला बुरशीपासून राखते, आणि आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसात बुरशी स्लाईडवर जाळी विणते हे दादांच्या जुन्या पेटीत आम्ही पाहिले आहे.

दादांचा प्रोजेक्टर दुरुस्त झाला आहे. वहिनींचे दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन माघात झाले. येत्या दिवाळीत माजघरात पुन्हा धोतर ताणावयाचे ठरले आहे. आईच्या चित्राचे दोन्ही तुकडे नातीने एकाच चौकटीत जोडून बसविले आहेत. मधली रेघ धोतरावर मोठी दिसेल, असे तिने आम्हांस आधीच सांगून ठेवले आहे. दिसू दे.